भरल्या टाकीखालचे चार नट

माझं डोकं लवकर सणकतं, हे आधीच सांगून टाकतो. घरच्यांना, गॅरेजातल्यांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्या दुष्काळात ते जसं सणकलं तसं पुन्हा कधी सणकलं नाही, आणि शेवटी जीव जसा भांड्यात पडला तसाही पुन्हा कधी पडला नाही. सगळी भानगड होती ट्रकच्या एक्सलला शॉकअप बसवण्याची. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

शॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. गाडी खड्ड्यातून गेली की तिचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दाबले जातात, आणि दाबलेला पाटा सुटला की गाडी वर-खाली नाचत राहते. तो नाच मोडायचं काम शॉकअपचं. दिसायला नळकांडं. वरचं टोक चासीला, खालचं एक्सलला. टोकाला एक डोळा, डोळ्यात रबराचा बुश, बुशातून एक्सलचा दांडा आणि दांड्यावर नट. खालचा नट सैल झाला की शॉकअप असून नसल्यासारखा, गाडी मोकाट सुटते.

मी मूळचा उदगीरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या आडत. मीही गादीवर बसून तुरीच्या मुठी हुंगाव्यात ही वडिलांची इच्छा, आणि मला धान्याच्या धुळीनं शिंका यायच्या. मिसरूड फुटायच्या आत नांदेडला पळालो आणि एका उस्तादांच्या गॅरेजात राहिलो. हैदराबादच्या वाटेवरचे माल लादलेले ट्रक त्यांच्याकडं यायचे. उस्तादांनी काम शिकवलं आणि शिव्याही घातल्या, दोन्ही अगदी तब्येतीनं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तेच म्हणाले की नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या जिपा, तू जा तिकडं, तुझं बस्तान बसेल. म्हणून मी लातूरला येऊन रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकले. कचेऱ्यांच्या पाट्यांवर अजून ओल्या रंगाचा वास होता. कुठला कागद लातुरात आणि कुठला अजून उस्मानाबादेत, हे साहेबालाही सांगता यायचं नाही.

आणि मग पाऊस गायबच झाला. जिल्हा नवा, उत्साह नवा, आणि नशिबी पहिलं मोठं काम आलं ते टँकर पळवायचं. एवढे टँकर आणणार कुठून? मिळेल त्या गाडीवर टाकी चढवली. आमच्या दाजींच्या वाट्याला आला मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक. चारही चाकांना शॉकअप, कारण मिलिटरीचं सगळंच दणकट. टाकी मात्र इथल्याच एका वेल्डरनं ठोकलेली. आत पाणी अडवायला आडवे पत्रे नाहीत, वर माणूस उतरेल एवढं तोंड, आणि तोंडावर एक वाकडं झाकण.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच, काळेसावळे, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि खोटं बोलायची काडीची अक्कल नाही. बोलणंच मुळात कमी. ताई एकटी दोघांचं बोलायची. लातूरजवळच्या एका विहिरीवर टाकी भरायची, शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावाला न्यायची, तिथं रिकामी करायची, हे त्यांचं रोजचं काम. त्या गावात आड आटलेले, बोअर कोरडे. टँकर हेच पाणी.

गावानं एक बाभळीची काठी करून ठेवली होती. टँकर आला की गावातले एक वयस्कर अप्पा कुणाच्या तरी आधारानं टाकीवर चढायचे आणि काठी आत सोडायचे. टाकी भरून आली तर ओल कुठवर लागली पाहिजे तिथं काठीला खाच होती. अप्पांना गावात मान होता. ते सांगतील तेवढं पाणी, आणि त्यावरून घरागणिक घागरी ठरायच्या. सुरुवातीला ओल खाचेजवळ असायची. मग चार बोटं खाली आली, मग वीतभर, आणि नंतर नंतर हातभर.

आता हातभर पाणी म्हणजे कितीतरी घरांच्या घागरी. गावाला संशय येणार नाही तर काय? लातुरात बंगल्यांची कामं चालली होती, वाटेत ढाबे होते, वीटभट्ट्या होत्या, आणि एखाद-दुसरा ड्रायव्हर वाटेत नळी सोडतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक दाजींच्या तोंडावर काही बोलत नव्हते. पण बाया घागर पुढं करताना मान फिरवायला लागल्या. एकदा टाकीमागून कुणीतरी ‘पाणीचोर’ म्हणालं. दाजींनी ते ऐकलं आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले.

मला हे कळलं ताईकडून. ती भर दुपारी गॅरेजात आली, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि आल्या आल्या स्टुलावर बसली. गावानं निकाल काढला होता. येत्या सोमवारी महादेवाच्या देवळापुढं दाजींनी बेलभंडार उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवाला साक्षी ठेवायचं, आणि म्हणायचं की टाकीतलं पाणी मी वाटेत कुणाला दिलं नाही. तेवढं केलं की विषय मिटला, पुन्हा कुणी शब्द काढणार नाही. नाही केलं तर ड्रायव्हर बदलून मागायचा.

मी म्हटलं, मग रडतेस कशाला? उचला म्हणावं बेलभंडार आणि तोंडं बंद करा सगळ्यांची.

ताई म्हणाली, “ते उचलायला तयार न्हाईत.”

खरं सांगतो, पायाखालची वाळू सरकली. क्षणभर मलाही वाटून गेलं, म्हणजे गाव म्हणतंय ते खरं की काय? पाना तिथंच टाकला आणि तडक दाजींकडं गेलो. ते ओट्यावर बसून लुंगीच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. मी आवाज चढवला, चढवायला नको होता, पण चढला. विकलंत का पाणी, एवढं एकच सांगा, म्हणालो.

“विकलं न्हाई,” दाजी म्हणाले. “पर दिलंय.”

मग हळूहळू बाहेर आलं. वाटेत रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू होतं. एका तांड्यावरच्या बाया तिथं कामाला होत्या, आणि त्यांची लेकरं बाभळीखाली झोळ्यांत. लेकरं सांभाळायला एक म्हातारी. एकदा तिनं हात केला म्हणून दाजी थांबले. एका लेकराचे ओठ फुटले होते. तेव्हापासून रोज एक घागर. खडीच्या बायांना त्या गावाचं माहीत नव्हतं, गावाला खडीच्या बायांचं.

मी कपाळावर हात मारला. एक घागर! एका घागरीनं हातभर पाणी उतरतं होय? मग सांगून टाका गावाला. त्यावर ते म्हणाले की एक घागर दिली म्हटलं की सगळं हातभर पाणी त्या घागरीतच गेलं असं होईल, आणि म्हातारीची घागर बंद पडेल ती वेगळीच. आणि खोटी शपथ तर घेताच येत नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून ते म्हणाले, “हे काढून ठिवू का बेलभंडार उचलायच्या आधी?”

आमच्या लोकांत बातमी संध्याकाळच्या गाडीनं उदगीरला पोचते. दाजींना टँकरवरून काढलं असतं तर दुसरी गाडी मिळाली असती. पण पाणीचोर हा शब्द जन्मभर चिकटला असता, आणि ज्या माणसाला शिळ्या भाकरीबद्दलही खोटं बोलता येत नाही त्याला तो शब्द खाऊन टाकणार हे आम्हाला दिसत होतं. त्यातून सुटायला एकच वाट होती. सोमवारी टाकी भरलेली पोचली पाहिजे. काठीच बोलली तर बेलभंडाराची गरज उरणार नव्हती.

मग पाणी जातंय कुठं? दुसऱ्या दिवशी मीच दाजींच्या शेजारी बसलो. डांबरी सोडली आणि खडीचा रस्ता लागला, तशी गाडी नाचायला लागली. खडी टाकलेली, पण रोलर फिरवायला पाणी नाही म्हणून तशीच मोकळी. खालून एकसारखं खडक-खडक, खडक-खडक. मी दार उघडून दाराखालच्या फळीवर उभा राहिलो आणि मागं बघितलं. प्रत्येक खड्ड्याला टाकीतलं पाणी झाकण उचलून पेलाभर, तांब्याभर बाहेर उडत होतं. टाकीच्या पाठीवरून ओघळत होतं आणि मागं रस्त्यावर ओला पट्टा पडत होता. त्या पट्ट्यावर चिमण्या उतरत होत्या. त्यांना बहुतेक टँकरची वेळ माहीत झाली होती.

झाकणाचे उपाय आधीच करून झाले होते. गोणपाट कोंबलं, सायकलची ट्यूब लावली, वेल्डरकडून बिजागरी बदलून घेतली. दोन खेपांत पाण्याच्या धडकांनी पुन्हा जैसे थे. दुखणं झाकणाचं नव्हतंच. गाडीचा नाच थांबला पाहिजे होता. गावात पोचल्यावर मी अप्पांना हे सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले की मेव्हणा दाजीची बाजू घेणारच. मला असा राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

परत येऊन गाडीखाली शिरलो. चारही शॉकअपचे खालचे डोळे खुळखुळत होते. बुश बघितले तर कुणी दातानं चावल्यासारखे फाटलेले. आणि ते बुश नवे होते! मीच घातले होते, आठवडासुद्धा झाला नव्हता. त्याच्याही आधी दोनदा बदलले होते. दर वेळी गाडी जॅकवर घ्यायची, एक्सल मोकळा लोंबला की बुश घालायचा, पाना लावायचा, पान्याला पाईप लावून अंगातलं सगळं बळ घालून आवळायचं. सगळं लातूर असंच करत होतं. सगळ्याच टँकरांची तीच रड होती, आणि सगळे मिस्त्री रस्त्याला शिव्या देत होते. मीही देत होतो, जरा जास्तच.

मिलिटरीच्या गाडीचे बुश लातुरात संपले होते. म्हणून शनिवारी सकाळची एसटी पकडून नांदेडला गेलो. उस्ताद थकले होते, पण गॅरेजात खाटेवर बसून अजून सगळ्यांना शिव्या घालत होते. मला बघून खूश झाले, चहा मागवला. मी दाजींची सगळी कहाणी सांगितली आणि रस्त्याचा उद्धार केला. त्यांनी मधेच हात वर केला.

“बेटा, नट कसा तब गाडी भरी थी के खाली?”

मी चिडून म्हणालो की आवळताना गाडी रिकामीच! दुष्काळात भरलेला टँकर गॅरेजात आणून कोण उभा करील? लोक जाळतील मला. आणि बोलता बोलता माझंच बोलणं माझ्या कानात पडलं. उस्ताद बशीतून चहा पीत होते.

त्यांच्याकडं सगळे ट्रक माल भरलेलेच यायचे. वाटेत अडलेला ट्रक माल उतरवून थोडाच येतो? ओझ्यानं पाटे दबलेले असायचे, एक्सल जिथं धावताना असतो तिथंच असायचा, आणि आम्ही तिथंच नट आवळायचो. हे कधी वेगळं शिकवायची वेळच आली नव्हती. इथं टँकर नेहमी रिकामाच यायचा, वरून आम्ही त्याला जॅकवर टांगायचो. एक्सल खाली लोंबलेला असताना रबर घट्ट चिमटलं जायचं. मग टाकी भरली की पाटे दबायचे, एक्सल वर यायचा, डोळा फिरायचा आणि चिमटलेल्या रबराला पीळ बसायचा. पहिला खड्डा यायच्या आधीच रबर पिळलेलं! मग ते फाटणार नाही तर काय होणार? फाटलं की नट सैल, नट सैल की नाच. मला हसावं की रडावं कळेना. आवळायची जागा गॅरेज नव्हतीच, विहीर होती.

उस्तादांनी पत्र्याच्या डब्यातून जुन्या साठ्यातले बुश काढून दिले, आणि वर खाचेचे नट. खाचेचा नट म्हणजे ज्याच्या डोक्याला चिरा असतात. दांड्याला आरपार भोक पाडायचं, नटाची चीर भोकासमोर आणायची, त्यातून पिन घालून तिची टोकं वाकवायची. मग नट बापजन्मात फिरत नाही. पैशाचं नाव काढलं तर मला दारापर्यंत शिव्या घालत आले.

रविवारी दुपारी दाजींचा ट्रक गॅरेजात घेतला. विहिरीवर वेळ मिळणार नव्हता. विहिरीपासून डांबरीपर्यंत एकच गाडीवाट होती, भरलेला टँकर उभा राहिला की मागची रांग अडलीच. आणि खड्डे त्याच वाटेपासून सुरू होत होते, म्हणजे नट विहिरीवरच आवळायला हवे होते. तेव्हा जेवढं आधी करता येईल तेवढं करून ठेवलं. दांड्यांना भोकं पाडली, आटे ब्रशनं घासून डिझेलनं धुतले, बुश साबणाच्या पाण्यानं सरकवून बसवले, नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले. मग गाडीखाली पडून पान्याची सवय केली, कुठल्या नटाला कुठल्या अंगानं हात पोचतो ते. ताई चहा घेऊन आली आणि मला नुसताच पाना फिरवताना बघून तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, उद्या सांगतो. ती म्हणाली, उद्याचं मला काही सांगू नको, मी उद्या त्यांच्यासाठी उपास धरलाय.

सोमवारी सकाळी दाजी अंघोळ करून, भस्म लावून स्टिअरिंगवर बसले. रिकामी गाडी हळूहळू विहिरीपर्यंत नेली. विहिरीशेजारी पंपाच्या इंजिनाखाली सपाट खडक होता, बाकी सगळा चिखल. खडकावरच गाडी लावली. पंपाची सोंड टाकीत गेली, आणि टाकी भरत गेली तशी मी खाली पाट्यांकडं बघत बसलो. हळूहळू ते दबत गेले, एक्सल वर आला, आणि बोटांनी फिरवलेल्या नटांमागं शॉकअपचा डोळा आपला आपण फिरून नव्या जागी आला. मी ते डोळ्यांनी बघितलं. इतकी वर्षं या धंद्यात होतो, पण तोवर कधी बघितलं नव्हतं.

टाकी तोंडापर्यंत भरली. दाजींनी चाकांना दगड लावले आणि मी खाली शिरलो. डोक्यावर तेवढं पाणी, टाकीच्या पोटाला बारीक घाम आलेला. पुढचे दोन नट पटकन झाले. पाना, पाईप, दाब, चीर भोकासमोर, पिन आत, टोकं वाकवली. तिसराही झाला. तोवर मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं की घरी जाऊन झोप म्हणावं गाडीखाली.

चौथा अडला. नट घट्ट झाला, पण चीर भोकासमोर येईना. केसभर राहिली होती. नट जरा मागं फिरवला असता तर आधीची चीर सहज जुळली असती, पिन गेली असती, आणि वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण मागं फिरवलेला नट म्हणजे सैल नट. पुढंच न्यायला हवा होता. मी पाईपवर लोंबलो, पाना सटकला, बोटांची सालं निघाली. मी त्या नटाला जे काही बोललो ते इथं सांगत नाही. तेवढ्यात मघाचा ओरडणारा ड्रायव्हर वाकून खाली बघायला लागला. “काय करायलास रे?” त्यानं विचारलं. दाजींनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आज बेलभंडार आहे म्हणून. तो आपल्या गाडीकडं गेला, हॉर्न बंद झाला, आणि परत येताना त्यानं टॉमी आणली, लोखंडी पहार, माझ्या पाईपाहून दीडपट लांब. दोघांनी मिळून ओढली. नट कुरकुरला आणि केसभर पुढं सरकला. पिन गेली. मी टोकं वाकवली आणि तिथंच खडकावर डोकं टेकून पडलो. दाजींनी पायाला धरून बाहेर ओढलं.

खडीचा रस्ता लागला तेव्हा मी फळीवर उभा होतो. गाडी खड्ड्यात गेली, दबली, उठली आणि बसली. एकदाच. खडक-खडक नाही. झाकणाच्या कडेनं चूळभर पाणी आलं असेल तेवढंच. मागचा रस्ता कोरडा ठणठणीत. मी दाजींना ओरडून सांगितलं, रस्ता कोरडा आहे! ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

आणि मग बाभळी आल्या, आणि त्यांनी गाडी थांबवली.

माझं डोकं सणकलं. आजच्या दिवशी तरी नको, म्हणालो मी, हात जोडले, सटवाईनं तुमच्या कपाळावर अक्कल म्हणून काही लिहिलंय की नाही, असलंही बोललो. गावात काठी घेऊन बसलेत, एकेक बोट मोजणार आहेत, उद्यापासून दोन घागरी द्या, पण आज नको. दाजी उतरले. म्हातारी घागर घेऊन उभीच होती. त्यांनी खालचा नळ सोडला, घागर भरली, नळ बंद केला आणि नळाच्या तोंडाचे थेंब हातावर घेऊन झोळीतल्या एका लेकराच्या कपाळाला पुसले. परत येऊन गाडी चालू केली. मी तोंड फिरवून बसलो.

गावात देवळापुढं सगळे जमले होते. बायांच्या घागरींची रांग नेहमीसारखी. पायरीवर ताटात बेल आणि भंडारा. अप्पा टाकीवर चढले. झाकण उघडलं, काठी आत सोडली, बाहेर काढली आणि बघत राहिले. मग खाली वाकून हातच आत घातला. हात लगेच ओला झाला. काठी त्यांनी उंच धरली, सगळ्यांना दिसावी म्हणून. ओल खाचेला लागली होती, दोन बोटं इकडं-तिकडं.

अप्पा खाली उतरले आणि पायरीवरचं ताट उचलून देवळात न्यायला निघाले. म्हणजे झालं, संपलं. मी टायरला टेकलो.

“थांबा अप्पा,” दाजी म्हणाले. “मला उचलायचंय.”

मला वाटलं, या माणसाला आता धरून गाडीत कोंबावं. ते पुढं गेले, ताटातलं बेलाचं पान घेतलं, भंडारा घेतला, आणि बोलले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “पाणी विकलं न्हाई. रस्त्यावर सांडत होतं, ते आज थांबलं. पर खडीवरच्या लेकरांना मी रोज एक घागर देतो. आज बी दिली.”

अप्पा ताट धरून तसेच उभे राहिले. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. चार नट, नांदेडची खेप, बोटांची सालं, सगळं गेलं. अप्पांनी विचारलं, किती लेकरं आहेत? दाजींना नक्की माहीत नव्हतं, म्हणाले चार-पाच झोळ्या आहेत, एक रांगणारं आहे. अप्पांनी बायांच्या रांगेकडं बघितलं. रांगेतली पहिली बाई, हीच मान फिरवणारी, घागर कमरेवरून खाली ठेवत म्हणाली की चार-पाच लेकरांना एका घागरीत काय होतं?

अप्पा दाजींकडं वळले. “उद्यापास्नं दोन दे,” म्हणाले.

नळ सुटला, घागरी लागल्या, कालवा सुरू झाला. मी पाना घेतला आणि नट तपासतो म्हणून गाडीखाली शिरलो. नट तपासायचे नव्हते, ते जागचे हलले नव्हते हे मला माहीत होतं. मला रडू आवरत नव्हतं, आणि मी तसा चारचौघांत रडणारा नाही. टाकीचं पोट हळूहळू हलकं होत होतं, पाटे वर येत होते. थोड्या वेळानं दाजींचे पाय दिसले. मग ते वाकले, आणि त्यांच्या हातात गावातल्या कुणीतरी दिलेला पितळी तांब्या होता.

“पी आधी,” ते म्हणाले. “सकाळपास्नं प्यालेला न्हाईस.”

मी आडवा पडूनच प्यालो. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं.